फटींच्या भरवशावरची हवा

बेळगावात घर बांधायला काढलेल्या माणसाला सध्या दोन तऱ्हेचे सल्लागार गाठतात. पहिला म्हणतो, ‘कशाला ओ त्या प्लास्टिकच्या यूपीव्हीसी खिडक्या आणि स्लॅबवर थर्माकोल? आपल्या आज्जाच्या कौलारू घराला काय धाड भरली होती? घरानं श्वास घ्यायला पाहिजे.’ दुसरा बहुधा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करून परतलेला. त्याचे म्हणणे, ‘सगळं पॅक करून टाका. धूळ नको, डास नकोत, हायवेचा गोंगाट नको. एसी लावला की झालं.’ वास्तुशांतीच्या पंक्तीत हा वाद हमखास निघतो आणि आपल्याकडच्या बहुतेक वादांसारखी यातही माणसे आधी गट निवडतात, मुद्दा नंतर शोधतात. मला दोन्ही गट चुकीच्या जागी भांडताना दिसतात. घर घट्ट करणे आणि घरात हवा खेळती ठेवणे यांत मुळात वैर नाही. हवा कुठून यावी, कुठून जावी आणि किती यावी हे बांधणाऱ्याने ठरवले असेल तर घर कितीही घट्ट चालेल. ते ठरवलेच नसेल, तर कौलारू असो की स्लॅबचे, घर फटींच्या भरवशावर सोडलेले असते.

कौलारू घराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते आधी मान्य करतो. खानापूर भागातली जांभ्याच्या चिऱ्यांची घरे पाहावीत. जाड भिंती, उंच आढे, वर मंगळुरी कौले. कौलांच्या सांध्यांतून दुपारच्या उन्हाच्या चिरा खाली जमिनीवर पडतात. त्याच सांध्यांतून वर चढलेली गरम हवा निघून जाते, ओसरीकडून गार हवा आत येते, आणि एप्रिलच्या दुपारीही माजघरात पंख्याची आठवण होत नाही. हे सगळे खरे आहे, आणि विजेच्या एका युनिटाशिवाय होत होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर, त्यामुळे रात्री गार पडतात. ‘गरिबांचे महाबळेश्वर’ हे बिरुद काही फुकट मिळालेले नाही. अशा हवेच्या गावात घर सीलबंद करायचे कशाला, हा प्रश्न वेडगळ नाही.

पण त्याच घराच्या स्वयंपाकघरात जरा डोकवा. वासे, रिपा, कौलांची आतली बाजू, सगळे काजळीने काळे कुळकुळीत. धूर जायला छपरात धुराडे होते, कौलांच्या फटी होत्या, दार उघडे होते, तरी ही काजळी साचली. लाकडावर जेवढी साचली त्याच हवेत बसून कुणीतरी दोन वेळचा स्वयंपाक करत होते. कौलारू घराचे गोडवे गाणाऱ्यांत मला आजवर पुरुषच जास्त भेटले, चुलीपुढे वर्षे काढलेली बाई क्वचित. घर एवढे ‘श्वास घेत’ होते तर आज्जीचा खोकला का हटत नव्हता?

याचे कारण साधे आहे. पंख्याने ओढली नाही तर फटीतून हवा शिरते ती दोनच गोष्टींच्या जोरावर: बाहेरचा वारा, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. दोन्हींवर घरमालकाचा ताबा नाही. जुलैत जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पश्चिमेचा वारा असा सुटतो की झड थेट अंथरुणापर्यंत येते. लोक पश्चिमेच्या अंगाला पत्रा, प्लास्टिक, काय मिळेल ते बांधून मोकळे होतात. म्हणजे हवा नकोशी असते तेव्हा ती घरभर. आणि ऑक्टोबरात पान हलत नाही, आतबाहेर सारखेच तापलेले असते, हवा हवीहवीशी वाटते, तेव्हा त्याच फटी मख्ख. पाहिजे तेव्हा रजा आणि नको तेव्हा हजर, असा गडी शेतावर कोणी ठेवून घेईल का? घरात मात्र आपण त्याला परंपरा म्हणून सांभाळतो.

‘भिंती श्वास घेतात’ या समजुतीचा उगम, गंमत म्हणजे, आपल्या परंपरेत सापडत नाही. १८५८ च्या सुमारास म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने एका खोलीच्या फटी कागद चिकटवून बुजवल्या आणि तरीही खोलीतली हवा बदलते असे मोजून दाखवले. हवा विटांच्या भिंतीतूनच जात असणार, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे नीट मोजमापे झाली तेव्हा गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा जवळजवळ नगण्य निघाली. त्याच्या नजरेतून सुटलेल्या वाटा दुसऱ्या होत्या. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा हवेतला थोडा ओलावा शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की परत सोडतो, एवढे खरे. त्यापलीकडे भिंत आपल्यासाठी श्वासोच्छ्वास करत नाही. पण याच पेटेनकोफरने दुसरी एक गोष्ट दिली, ती आजही टिकून आहे. माणसांनी भरलेल्या खोलीतली हवा किती शिळी झाली हे कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ओळखावे आणि ते हजार भागांत एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार), ओलांडू देऊ नये. वायू त्या प्रमाणात विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते. हवा बदलली जात नाही याची ती खूण होती.

त्या खुणेने आपली झोपायची खोली मोजू. बारा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. नवराबायको मिळून २६. खोली खरोखर बंद असेल तर तासाला साडेसातशे पीपीएमची भर. बाहेरच्या हवेत मुळात ४२० च्या आसपास असतोच. म्हणजे दिवा मालवल्यापासून तासाभरात पेटेनकोफरची रेघ ओलांडली, आणि पहाटेपर्यंत आकडा कुठे गेला असेल ते ज्याचे त्याने काढावे. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो, पण सकाळी डोके जड का वाटते याचे एक उत्तर तिथे असू शकते.

इथे एसीवाल्या गटाचा मोठा गैरसमज आड येतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या युनिटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून हवा वाहत नसते. त्यांत रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव-वायू, असतो. तरीही ‘एसी आहे ना, फ्रेश हवा येते’ असे शिकलेसवरलेले लोक सांगतात. गारवा आणि ताजेपणा एकच समजण्याची ही चूक एवढी पसरली आहे की विकणाऱ्यालाही ती दुरुस्त करावीशी वाटत नाही.

‘पॅक’ घराचे उदाहरण म्हणून परदेशाकडे बोट दाखवले जाते, म्हणून तिकडचा इतिहास थोडा पाहायला हवा. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारती घट्ट करण्याची लाट आली आणि त्याबरोबर आत घ्यायच्या ताज्या हवेवरही कात्री चालली. ॲशरे या तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी माणशी मिनिटाला ५ घनफूट एवढी किमान हवा धरली. लोक डोकेदुखी, डोळ्यांची चुरचूर, थकवा यांच्या तक्रारी करू लागले, ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि १९८९ मध्ये त्याच संस्थेने कार्यालयांसाठी तो आकडा चौपट करून २० घनफुटांवर नेला. कौलारू गट ही गोष्ट आवडीने सांगेल. पण कॅनडातल्या रजायना शहरात १९७७ सालीच एक प्रायोगिक घर उभे राहिले होते. ते त्या काळी विलक्षण घट्ट होते आणि त्यात बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र पहिल्यापासून बसवलेले होते. जर्मनीत डार्मस्टाटला १९९०-९१ मध्ये बांधलेल्या ‘पासिव्हहाउस’चेही, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराचेही, तसेच. चाचणीसाठी घरावर ५० पास्कल (दाबाचे माप) एवढा दाब दिला, तर तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त गळती चालणार नाही, असा त्या पद्धतीचा कडक नियम. आणि त्याच्या जोडीला रात्रंदिवस चालणारी हवा बदलण्याची व्यवस्था. तिथे कोणीही घर नुसते बंद करून सोडून दिले नाही. आपण मात्र तिकडून खिडकीची रबरी पट्टी आणली आणि हवेचे यंत्र तिथेच ठेवून आलो.

मग ते यंत्रही आणावे का? माझ्या मते बेळगावात त्याची गरज नाही. बाहेर उणे वीस आणि आत अधिक वीस असते तेव्हा जाणाऱ्या हवेतली ऊब वाचवण्यात अर्थ आहे. आमच्याकडे डिसेंबरातल्या पहाटेही आतबाहेर फरक असा किती? इथे जे महत्त्वाचे आहे ते छप्पर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही अंगावर आग ओकतो. त्याला वरून उष्णतारोधक थर, निदान पांढरा लेप, हे घराचे पहिले काम. उष्णता अडवणे आणि हवा अडवणे ही कामे वेगळी आहेत आणि वादात ती सतत एकत्र कालवली जातात. छप्पर आणि पश्चिमेची भिंत उष्णतेला अडवणारी असेल, तर एप्रिलमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात आणि रात्री जाळी ठेवून सताड उघडाव्यात. आमच्या गार रात्रींचा याहून चांगला उपयोग नाही. म्हणजे इथेही खिडकी घट्ट लागणारी हवी आणि पूर्ण उघडणारीही. आज सर्रास बसते ती ॲल्युमिनियमची सरकती खिडकी दोन्ही बाबतींत नापास: लावली तरी कडेने वारा शिटी मारतो, आणि उघडली तर जास्तीत जास्त अर्धी. चार फुटांच्या खिडकीचे पैसे मोजायचे आणि दोन फुटांची हवा घ्यायची. वर डासांची जाळी आली की तीही मंदावते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त उष्णता आत येण्यावर मर्यादा घातली आहे आणि त्याच दमात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्रही सांगितले आहे: उष्ण-दमट हवामानात चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. मोजायचे ते उघडणारे क्षेत्र, चौकट नव्हे. या दोन अटी एकाच कागदावर आहेत, यातच माझा मुद्दा आला.

दमटपणाचा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. पावसाळ्यात बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असताना ती आत घेऊन काय मिळवणार? अथणी-रायबागकडच्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही, तिकडे पावसाचीच वाट पाहावी लागते. पण बेळगाव शहरात आणि खानापूर तालुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटामागची भिंत काळी पडते, बुटांवर हिरवी बुरशी चढते, पापडाचा डबा उघडला की कुबट वास येतो. बाहेरची हवा घेऊन घर बाहेरच्यापेक्षा कोरडे होणार नाही, हे कबूल. पण घरातला ओलावा फक्त बाहेरून येतो, हे कुणी सांगितले? गॅसच जळताना पाणी तयार होते: एक किलो एलपीजी जळले की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ. १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात २२ लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडलेले असते, भाताच्या आणि आमटीच्या वाफेचा हिशेब वेगळा. त्यात आंघोळी, त्यात माणसांचा श्वास, आणि त्यात हॉलमध्ये दोरीवर टांगलेले धुणे. एवढे सगळे पाणी जाणार कुठे? ते सर्वांत गार भिंतीवर बसते, आणि आमच्याकडे सर्वांत गार भिंत म्हणजे पावसाने चिंब झालेली पश्चिमेची, जिच्याशी आपण लाकडी कपाट चिकटवून ठेवलेले असते. बाहेरचा ओलावा आपल्या हातात नाही. आतला तयार होतो त्याच जागी ओढून बाहेर टाकणे हातात आहे. शेगडीवर बाहेर डक्ट काढलेली चिमणी, न्हाणीघरात एक्झॉस्ट. डक्ट नसलेली, गाळून तीच हवा परत घरात सोडणारी चिमणी तेल अडवते, वाफ नाही. ती घेणे म्हणजे वीजबिल भरून समाधान विकत घेणे.

न्हाणीघरापाशी थोडे थांबतो, कारण तिथे हा वाद तात्त्विक राहत नाही. आमच्या भागात घरोघर गॅस गीझर आहेत. गीझरच्या ज्योतीला हवा लागते, ती पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी चिकटतो. आंघोळीला गेलेला तरुण माणूस बाहेर आलाच नाही, ही बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. आता नेहमीचे चित्र पाहा: बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आहे, पण थंडी लागते म्हणून तिच्यावर आतून प्लास्टिकचा कागद चिकटवलेला, दार फुगू नये म्हणून खालून पत्रा मारून फट बुजवलेली, आणि डोक्यावर गीझर. हे घर घट्ट करायला कोणी आर्किटेक्ट आला नव्हता. कौलारू गटाने हे ध्यानात घ्यावे: लोक घर बंद करतातच. थंडीसाठी, डासांसाठी, शेजारच्या डीजेसाठी. रात्री खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवतात. एका कॉइलमधून सुटणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे प्रयोगशाळेत मोजलेले आहे. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा उपदेश जिथे चालत नाही, त्याच जागी आखलेल्या हवेची गरज असते. आणि गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर बसवावा, याला तर कुठलाच युक्तिवाद लागू नये.

हवेचा आग्रहही आंधळा असू शकतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत इलाखाभर पसरला. बेळगाव भागही सुटला नाही. रोग कोंदट हवेतून आणि अंधारातून होतो अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत. त्यांनी मुंबईत घरांची कौले उतरवली, छपरांना भोके पाडली, ऊन-वारा आत सोडला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले. प्लेगला छपराच्या भोकांचे काही सोयरसुतक नव्हते. मग तो सगळा आग्रह वायाच होता का? नाही. क्षयाचे जंतू खरोखरच हवेतून पसरतात, आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी सॅनिटोरियम उभे राहिले तेव्हा औषधाच्या आधी मोकळी हवाच हाताशी होती. फरक एवढाच की कुठल्या त्रासावर कुठली हवा, हे आधी विचारावे लागते. धूर आणि वाफ निघतात तिथेच, जोराने ओढाव्यात. श्वासाची शिळी हवा रात्रभर हळूहळू बदलावी. तापलेले घर रात्रीच्या वाऱ्याने एकदम धुऊन काढावे. ही तीन कामे आहेत आणि ‘खेळती हवा’ म्हणून तिन्हींवर एकच खिडकी दाखवणे हा जुन्या अधिकाऱ्यांचाच कित्ता झाला.

वीज गेली तर पंख्यावरची हवा बंद पडणार, हा आक्षेप आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेणार नाही. पण म्हणूनच सगळे पंख्यावर टाकू नये. झोपायच्या खोलीत खिडकीच्या वर, झड लागणार नाही अशा छज्जाखाली, उघड-झाप करता येणारा जाळीचा झरोका ठेवला की पंखा बंद असतानाही काही हवा फिरते. बेळगाव कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत छताजवळ असे झरोके दिसतात. दोरी ओढून उघडायचे आणि थंडीत लावून घ्यायचे. नव्या घरात फॉल्स सीलिंग करताना तीच जागा पहिल्यांदा बुजते. खर्चाचे म्हणाल, तर सहा इंची एक्झॉस्ट आणि त्याचा पाइप यांची किंमत हॉलमधल्या पीओपीच्या नक्षीच्या पासंगालाही पुरत नाही. पैशांची अडचण असती तर नक्षी आधी रद्द झाली असती.

एक तांत्रिक गोष्ट मात्र मेस्त्रीवर सोडू नये. हवा बाहेर ओढायची तर तेवढीच आत यायला वाट लागते. सगळे घट्ट करून स्वयंपाकघरात मोठी चिमणी लावली, की ती हवा मिळेल तिथून खेचते: बाथरूमच्या डक्टमधून शेजाऱ्यांचा वास, नाहीतर गीझरच्या धुराड्यातून उलटा धूर. चिमणी चालू करून, खिडक्या लावून, बाथरूमच्या दाराखाली पेटलेली उदबत्ती धरून पाहा. धूर स्वयंपाकघराकडे वळला तर हवा उलट्या वाटेने येते आहे. अशा वेळी झोपायच्या खोल्यांत झरोका आणि आतल्या दारांखाली पाऊण इंच मोकळी जागा, म्हणजे हवा खोल्यांतून निघून स्वयंपाकघर-न्हाणीघराकडे जाईल. हे नकाशावर बाणांनी काढून मागा. आणि शेगडीच्या भिंतीत सहा इंची पाइप गिलाव्याच्या आधीच घालून घ्या. नंतर आठवण झाली तर भिंतीला यंत्राने भोक पाडणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला बोलवावे लागते, तो येईतो टाइल्स बसलेल्या असतात, आणि त्या रंगाच्या टाइल्स दुकानात संपलेल्या असतात.